नाकाच्या मापापासून डीएनएपर्यंत : मोजपट्टी कोणाच्या हातात?

आमच्या ढाणकीच्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने येतो. "डीएनए चाचणीतून सिद्ध झाले, ब्राह्मण विदेशी आहेत." खाली टक्केवारी, तीही दशांशासकट. सोबत अमेरिकेतल्या कुठल्या तरी विद्यापीठाचे नाव. पाच मिनिटांत पंचवीस अंगठे येतात. इकडे उमरखेडला कॉलेजात जाणारी आपलीच पोरं सांगतात की त्यांच्या ग्रुपवर नेमका उलटा मेसेज फिरतो. "राखीगढीच्या डीएनएने सिद्ध झाले, आर्य बाहेरून आलेच नाहीत, आपण सारे एकच, जातिभेद तर इंग्रजांनी वाढवला." दोन्ही मेसेज विज्ञानाची शपथ घेतात आणि दोन्ही पाठवणाऱ्यांनी मूळ संशोधन उघडून पाहिलेले नसते.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला राग यायचा असेल तर लवकर येईल. जनुकशास्त्राने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जातीबद्दल फार मोठी गोष्ट सांगितली आहे. पण ती "कोण विदेशी" ही नाही. ती गोष्ट बाबासाहेबांनी १९१६ साली, हातात कुठलीही प्रयोगशाळा नसताना, मांडून ठेवली होती. आपण मात्र ती सोडून दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागलो आहोत.

थोडे मागे जाऊ. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्यांच्यासमोर त्या काळचे सर्वात नवे ज्ञान होते ते भाषाशास्त्राचे. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन या भाषा एका कुळातल्या आहेत, यावरून युरोपातल्या पंडितांनी आर्यांची एक टोळी कल्पिली होती. उच्चवर्णीयांना ती कल्पना गोड वाटली, कारण त्यातून त्यांचे साहेबाशी नाते लागत होते. टिळकांनी तर १९०३ साली आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. जोतीरावांनी तेच शास्त्र उचलले आणि उलटे फिरवले : तुम्ही बाहेरून आलात ना, मग तुम्ही आक्रमक आणि आम्ही इथले धनी. त्या काळी हे धाडसाचे काम होते. शूद्रातिशूद्रांना आपला इतिहास आहे हे पहिल्यांदा कोणी तरी ठणकावून सांगत होते. म्हणून आजही कोणी जोतीरावांच्या या मांडणीला हसत असेल तर त्याला आम्ही दारात उभे करणार नाही. पण शास्त्र १८७३ वर थांबले नाही, आणि जोतीरावांचे शिष्य बाबासाहेबही तिथे थांबले नाहीत.

भाषेनंतर मोजणी शरीराची सुरू झाली. हर्बर्ट रिस्ले नावाचा आयसीएस अधिकारी बंगालमध्ये होता. त्याने लोकांची नाके मोजली. पद्धत सोपी : नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. उत्तर ७० च्या खाली आले तर नाक बारीक, ८५ च्या वर गेले तर रुंद. १८९१ साली त्याने बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला आणि निष्कर्ष दिला की नाक जितके रुंद तितकी जात खालची. म्हणजे जात हा वंश आहे, निसर्गानेच केलेली वाटणी आहे, अन्याय वगैरे काही नाही. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्याने प्रत्येक प्रांतातल्या जातींची सामाजिक दर्जाप्रमाणे उतरंड लावायला सांगितली. मग गावोगावच्या जातसभांनी अर्जांचा पाऊस पाडला, आम्हाला वरची पायरी द्या म्हणून. ज्याच्या हातात पट्टी त्याच्याकडे सगळे रांग लावून उभे!

तथागतांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त आपल्या विहारांत फारसे वाचले जात नाही, ते वाचावे. गवत, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जन्माने येणाऱ्या खुणा वेगवेगळ्या असतात, माणसामाणसांत तशा नसतात, असे तिथे एकेक अवयव घेऊन सांगितले आहे. केस, डोके, कान, डोळे, तोंड. त्या यादीत नाकही आहे.

आपल्या भागाची मोजणी १९१६ साली पूर्ण झाली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता, म्हणजे पैनगंगेच्या अलीकडे आपण इंग्रजांकडे आणि नदीपलीकडचे आपलेच सोयरे निजामाकडे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात महारांवर प्रकरण आहे, पोटजातींची यादी आहे, चालीरीती आहेत. आपले आजे-पणजे त्या पुस्तकात आहेत, पण नमुना म्हणून. त्यांना बोलताना तिथे कोणी ऐकले नाही.

आणि त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांचा एक महार विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात उभा राहिला आणि त्याने सांगितले की या साऱ्या साहेबांची वाटच चुकली आहे. युरोपीय अभ्यासकांनी रंगाला आणि वंशाला नको तितके महत्त्व दिले. भारतात अनेक मानवसमूह आले, भांडले, मिसळले, आणि रक्ताने शुद्ध इथे कोणी उरलेला नाही. मग जात कशाने होते? अंतर्विवाहाने. आपल्या गटाबाहेर लग्न करायचे नाही, या एका नियमाने. तो नियम टिकवायचा तर गटात बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेलेली बाई गटाबाहेर लग्न करू शकते, म्हणून तिला सती घाला किंवा जन्मभर विधवा ठेवा. विधुराला बायको हवी, म्हणून लहान मुलीशी त्याचे लग्न लावा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही गोष्टी जातीच्या यंत्राचे सुटे भाग आहेत, ही मांडणी एका वर्गातल्या निबंधात केली गेली. पुढच्या वर्षी, १९१७ साली, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला घुर्ये होते, श्रीनिवास होते. हा निबंध आम्ही अभ्यासक्रमाबाहेर वाचला.

बाबासाहेब एवढ्यावर राहिले नाहीत. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी सांगितले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्त खोडून काढला. गुरूला वंदन करून गुरूचा एक मुद्दा नाकारणे कसे असते ते इथे पाहावे. मग १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' मध्ये त्यांनी थेट नाकालाच हात घातला. नाकाच्या मापांची जी कोष्टके घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती, तीच घेऊन त्यांनी दाखवले की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आहेत, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड आहेत. मोजपट्टी साहेबाची होती, आकडे साहेबाचे होते. वाचणारा बदलला आणि उत्तर बदलले. अस्पृश्यतेचा उगम वंशात नाही, बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षात आहे, आणि तो सुमारे इ.स. ४०० च्या काळातला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(मोजणीतून उलटे उत्तर मिळाल्याचे एक मराठी उदाहरण आणखी आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्या मोजत होत्या. हेच फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. गुरूला अपेक्षित होता तसा गोऱ्या-काळ्यांचा फरक इरावतीबाईंना कवट्यांत सापडला नाही, आणि त्यांनी तसे प्रबंधात लिहिले.)

आता डीएनए. आपल्या मेसेजचे मूळ आहे २००१ सालचा मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा निबंध. नमुने अडीचशेच्या आसपास लोकांचे, आणि तेही आंध्र प्रदेशातले. त्यातून निघाले ते असे : बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात वरच्या जाती युरोपीयांच्या थोड्या जवळ दिसतात, पण आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएमध्ये सगळ्याच जाती आशियाई दिसतात. दुसरा अर्धा भाग मेसेजमध्ये कधीच येत नाही. बाहेरून आलेल्यांत पुरुष जास्त होते आणि आया इथल्याच होत्या. मग ज्याला आपण विदेशी म्हणतो त्याच्या आजीच्या आजीचे काय करायचे? तिला वगळायचे? वंश बापाकडूनच मोजायचा, हा तर मनूचा हिशेब झाला.

२००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीचे लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी डेव्हिड राइश यांच्यासोबत २५ समूह तपासले. २०१३ साली प्रिया मूरजानी यांच्या निबंधात ७३ समूह आले. निष्कर्ष असा की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सरमिसळ प्रचंड झाली, इतकी की भिल्लांपर्यंत आणि चांभारांपर्यंत तिचे अंश पोहोचले. आणि मग ती थांबली. दार लागले.

हे कळते कसे? आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांचे तुकडे दर पिढीला तुटून अदलाबदल होतात. दोन वेगळे समूह मिसळले की एकेका समूहाचे तुकडे आधी लांबलचक असतात. पिढ्या उलटतात तसे ते बारीक होत जातात. सरमिसळ चालू असेल तर नवे लांब तुकडे येत राहतात, थांबली की येणे बंद होते. तुकड्यांची लांबी मोजली की दार केव्हा लागले याचा अंदाज बांधता येतो. २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतल्या अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी हेच मोजले. विशेषतः उच्चवर्णीय समूहांमध्ये सरमिसळ एकदम थांबलेली त्यांना दिसली, सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण १५७५ वर्षांपूर्वी. लेखकांनीच त्याचा संबंध गुप्त काळाशी जोडला आहे.

२०१६ मधून १५७५ वजा करा. इ.स. ४४१ येते. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम सांगितला तो सुमारे ४०० चा.

इथे उड्या मारायच्या नाहीत. एक तारीख गटाबाहेरची लग्ने थांबल्याची आहे, दुसरी अस्पृश्यतेच्या जन्माची. जनुकशास्त्राच्या तारखांत शे-दोनशे वर्षे इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे, आणि २०१३ च्या निबंधाचा अंदाज याहून जुना आहे. पण ग्रंथ वाचून, गोमांसाचा इतिहास उलगडून एक माणूस ज्या शतकाजवळ पोहोचला, तिथेच प्रयोगशाळाही जाऊन थांबते, आणि हे आपल्या एकाही मेसेजमध्ये नाही! जात म्हणजे अंतर्विवाह, तो माणसांनी एका काळात लादला, त्याआधी तो असा नव्हता, म्हणून तो काढूनही टाकता येतो. याहून मोठे हत्यार कोणते हवे?

राखीगढीचेही सांगून टाकू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने साठहून अधिक सांगाडे-नमुने तपासले, डीएनए मिळाला तो एका बाईचा, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशाचा, म्हणजे स्टेपीचा, अंश नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये हे छापून आले आणि "आर्य आलेच नाहीत" असा गाजावाजा झाला. पण त्याच आठवड्यात, बऱ्याचशा त्याच शास्त्रज्ञांचा दुसरा निबंध आला, ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा. त्यात स्टेपीचे लोक इ.स.पू. २००० नंतर इथे आल्याचे स्पष्ट आहे, आणि उत्तरेतल्या पुरोहित जातींमध्ये तो अंश सरासरीने जास्त असल्याचेही. हडप्पाच्या बाईत तो नव्हता, कारण ती आधीची होती. एवढे सोपे आहे ते. म्हणून संघवाल्यांचा मेसेज खोटा आहे. आणि आपला? तो अंश जास्त-कमी प्रमाणात बहुतेकांच्यात आहे, तुमच्या-आमच्यातही असू शकतो. शिवाय पुरेसे मागे गेले तर सगळेच आफ्रिकेतून आलेले. आधी आला त्याचा देश, असा नियम मानला तर हाच नियम उद्या आसामात, परवा मुंबईत कोणावर चालवला जाईल याचा विचार करा. आपला या देशावरचा हक्क नागरिक म्हणून आहे. तो मिळवून देणाऱ्याने तो कुणाच्या रक्तगटावर टांगलेला नाही.

हे झाले भूतकाळाचे. मोजपट्टी आता भविष्य मोजायला निघाली आहे.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आठवा. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांच्या वहीतली नावे आणि नजर गेली नाही, हे आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा. २०२२ च्या नव्या कायद्याने पोलिसांना बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, शरीराचे नमुने घेऊन ७५ वर्षे ठेवता येतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने नागपुरात 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली, कृत्रिम बुद्धिमत्तेने पोलिसांना मदत करायला. हे यंत्र शिकणार कशावरून? जुन्या नोंदींवरून. ज्या वस्तीत शंभर वर्षे संशयावरून धाडी पडल्या, त्या वस्तीच्या नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून यंत्र तिकडेच बोट दाखवणार, आणि "कॉम्प्युटरने सांगितले" म्हटल्यावर वाद घालायला माणूसच समोर उरणार नाही. रिस्लेच्या नाकमापाला निदान बाबासाहेब उलटतपासणी करू शकले, कारण कोष्टके छापलेली होती. या यंत्रांची कोष्टके मागण्याचे काम आपल्या वकील पोरांनी आतापासून हाती घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. दार बंद करून ७० पिढ्या बसल्याचे बिल शरीराने भरावे लागते. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समूहांच्या अभ्यासात ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातली आतल्या आत लग्नांची खूण फिनलंडच्या लोकांहून आणि अश्केनाझी ज्यूंहूनही गडद आहे. आंध्रचे वैश्य त्यातले. त्यांच्यातल्या अनेकांना भूल देताना एक ठरावीक औषध चालत नाही, कारण ते पचवणारा घटकच शरीरात कमी असतो. श्रीमंत व्यापारी जात आहे ती. बिल सगळ्यांनाच येते.

आपल्याकडचे नाव सिकलसेल. रक्ताच्या जनुकात एका अक्षराचा बदल, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबापांपैकी एकाकडून आला तर माणूस वाहक, त्याला बहुधा त्रास नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षण. दोघांकडून आला तर आजार : सांधे ठणकतात, रक्त कमी, लहानपणापासून दवाखाना. विदर्भात गोंड, माडिया, परधान यांच्यात आणि पूर्वाश्रमीच्या महारांत तो मोठ्या प्रमाणात आहे. तो निर्माण केला मलेरियाने, पण लहान लहान गटांतल्या गटांत फिरवत ठेवला लग्नाच्या नियमाने. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची.

अमेरिकेत हा काळ्यांचा आजार, म्हणून कित्येक वर्षे दुर्लक्षित. १९७१ साली ब्लॅक पँथरने स्वतःच मोफत तपासण्या सुरू केल्या. आपण १९७२ साली त्यांचे नाव घेतले, दलित पँथर काढली, पण त्यांचा हा दवाखाना मात्र घेतला नाही. तिथे पुढे वाहकांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले, तो धडाही घेण्यासारखा आहे. २०१९ मध्ये मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या काळ्या बाईवर जनुक कापून उपचार करण्याचा प्रयोग झाला, तो यशस्वी झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उपचाराला मान्यता मिळाली. किंमत २२ लाख डॉलर. आपल्या पैशात अठरा कोटींच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन मिशनही आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचे. तपासणी आमच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचते आहे. पुढे काय होते ते आम्ही घरोघर फिरताना पाहतो. मुलगी वाहक निघाली की कागद ट्रंकेत जातो. मुलाला तर तपासायलाच नेत नाहीत. आणि स्थळ आले की पहिला प्रश्न, लाडवण की बावणे? सोमवंशी की कोसरे?

बावीस प्रतिज्ञा घेऊन सत्तर वर्षे होत आली, आणि रसेलच्या पुस्तकातली ती पोटजातींची यादी आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर जिवंत आहे. जात अंतर्विवाहाने जगते हे ज्याने जगाला सांगितले, त्याचा फोटो मंडपात आणि रकाना फॉर्मवर.

बाहेर लग्न केले की सिकलसेल संपला असेही नाही. आपला मुलगा आणि गोंडाची मुलगी दोघे वाहक असू शकतात, तपासणी तिथेही हवीच. पण गट जितका लहान, तितकी तीच जनुके पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यता जास्त, हे गणित साधे आहे. म्हणून येत्या हंगामातल्या परिचय मेळाव्यांच्या आयोजकांना आम्ही ढाणकीतून पत्र देत आहोत. मागण्या दोन : फॉर्मवरचा पोटजातीचा रकाना काढावा, आणि ठरण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेल तपासणी व्हावी, जिचा रिपोर्ट त्या दोन घरांपुरताच राहील, मंचावरून वाचला जाणार नाही. पत्र रविवारी वंदनेनंतर विहारात ठेवलेले असेल. ज्यांना सही करायची त्यांनी यावे, आणि ज्यांना मान्य नाही त्यांनी वाद घालायला तरी नक्की यावे.